ऑफिसच्या कपड्यांवर किप्पा

मी बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातला मराठी बोलणारा ज्यू, नोकरी छत्रपती संभाजीनगरात. फॉर्मल शर्ट-कोटावर रोज किप्पा, म्हणजे आमची डोक्यावरची छोटी गोल टोपी, घालतो, म्हणून नव्याने नोकरीला लागलेल्या आपल्या पोरांसाठी हे लिहितोय.

आधी कापड बघा. सॅटिन चकाकतं आणि घसरतं, ते लग्नाकार्याला. मखमल इथल्या मे महिन्यात नकोच. बारीक विणलेला सुती किप्पा सगळ्यात चांगला. रंगाचं धर्मात बंधन नाही. कोटाचा रंग किंवा त्याहून गडद घ्या. मी हिमरूचाही, म्हणजे इथल्या नक्षीदार विणलेल्या कापडाचाही, एक शिवून घेतलाय, फार देखणा आहे, पण तो सणासाठी. चौकड्याच्या शर्टावर ती नक्षी जड होते.

माथ्यावर किंचित मागे बसवा, कपाळाकडे ओढू नका. दोन्ही बाजूंना केसांच्या चपट्या पिना लावा. केस विरळ असतील तर आतून दुहेरी चिकटपट्टी.

घाम मुरतो, तेव्हा दर आठवड्याला हाताने धुऊन पालथ्या वाटीवर वाळवा, आकार टिकतो.

कुणी विचारलं तर सरळ सांगा: आम्ही ज्यू, देवाच्या आदरापोटी डोकं झाकतो. माझ्या टेबलाशेजारच्या काकांना तेवढं पुरलं.

गाडीवर हेल्मेटने डोकं झाकलेलंच असतं. तेवढा वेळ किप्पा डब्यात ठेवा, हेल्मेट काढलं की लगेच घाला.