वीजबिलापासून लोकलच्या तिकिटापर्यंत: घरच्या कामांसाठी इंटरनेट कसे वापरावे

निवृत्तीनंतर मी ऐरोलीतील आमच्या सोसायटीचा बिनपगारी इंटरनेट कारकून झालो आहे. संध्याकाळी बाकावर बसलो की कोणाला वीजबिल भरून हवे असते, कोणाला ठाण्याचे तिकीट मोबाइलवर काढायचे असते, तर कोणी आलेला संदेश दाखवून ‘हे खरे का हो?’ असे विचारते. या उमेदवारीतून माझा एक नियम पक्का झाला: ज्या संकेतस्थळावर काम आहे तेथे आपण होऊन जावे, संदेशातून चालून आलेल्या दुव्यावरून जाऊ नये.

त्यासाठी पहिले साधन म्हणजे साधी वही. महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, महानगर गॅसच्या बिलावरील बीपी क्रमांक, महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावरील क्रमांक आणि प्रत्येकासमोर त्या संस्थेचा संकेतस्थळाचा पत्ता, एवढे छापील बिलावरून उतरवून घ्यावे. पासवर्ड आणि पिन मात्र या वहीत लिहू नयेत, कारण ही वही घरात सर्वांच्या हाती पडणार असते.

वीजबिल भरताना ब्राउझरमध्ये महाडिस्कॉम डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करावा, बिल भरण्याचे पान उघडून ग्राहक क्रमांक घालावा आणि पैसे भरण्यापूर्वी पडद्यावरील नाव व रक्कम आपल्या बिलाशी ताडून पाहावी. एका आकड्याच्या चुकीने दुसऱ्याचे बिल भरले जाते आणि ते पैसे परत मिळवण्यासाठी नंतर खेटे घालावे लागतात. पावती निघाली की ती जपून ठेवावी आणि ते पान ब्राउझरमध्ये बुकमार्क करावे, म्हणजे पुढच्या महिन्यापासून टाइप करण्याचेही काम उरत नाही. पहिल्या वेळी या सगळ्याला अर्धा तास लागला तरी हरकत नाही.

‘बिल न भरल्यामुळे आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या क्रमांकावर संपर्क साधा’ अशा अर्थाचा संदेश आमच्या इमारतीत बहुतेकांना कधी ना कधी आला आहे. अशा वेळी वीज कायदा, २००३ मधील कलम ५६ आठवावे. थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणे त्यात बंधनकारक आहे. म्हणून त्या क्रमांकावर फोन करू नये. बुकमार्क केलेले पान उघडावे, आपला क्रमांक घालून थकबाकी आहे का ते पाहावे आणि असल्यास तेथेच भरावी.

संकेतस्थळाचा पत्ता खरा की खोटा हे ओळखण्याची रीत एकदा समजली की ती सर्वत्र उपयोगी पडते. सुरुवातीची जोड तिरपी रेघ (//) सोडून द्यावी. त्यानंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ (/) येते, तिच्या लगेच डावीकडे काय लिहिले आहे ते वाचावे. भामटे महावितरणचे किंवा बँकेचे नाव पत्त्याच्या सुरुवातीच्या भागात कोठेही घुसडू शकतात, पण खरा मालक कळतो तो या रेघेआधीच्या शेवटच्या भागावरून. नवी मुंबई महानगरपालिकेच्या पत्त्याचा शेवट डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे आणि तो शेवट सरकारी संस्थांनाच मिळतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन हा वेगळा शेवट ठरवून दिला आणि तो स्वीकारण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती. महावितरण ही कंपनी असल्याने तिच्या पत्त्यात जीओव्ही नाही, आणि अशा अपवादांसाठीच वहीतील पत्ता कामाला येतो.

हा सगळा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही. एक पार्सल वेळेवर आले नाही म्हणून मी त्या कुरियरच्या ग्राहक सेवेचा क्रमांक सर्च करून शोधला आणि सर्वांत वर दिसला तो क्रमांक फिरवला. पलीकडचा गृहस्थ अत्यंत अदबीने बोलत होता. पाच रुपये भरून पत्त्याची खात्री करा, असे सांगून त्याने एक ॲप उतरवून घेण्यास सांगितले आणि मी ते घेतही होतो. सूनबाईने ‘बाबा, कोणाशी बोलताय?’ असे विचारत फोन हातातून काढून घेतला म्हणून निभावले, कारण ते ॲप माझा मोबाइल त्याला त्याच्या पडद्यावर दाखवणारे होते. तेव्हापासून ग्राहक सेवेचा क्रमांक मी सर्चमधून घेत नाही. बिलावर, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच घेतो. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलान म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइलही याच कारणासाठी उघडू नये, कारण ती पत्रिका नसून ॲप असते.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि आता सेक्टरच्या बाजारात कोथिंबिरीची जुडीही त्यावर घेता येते. येथे लक्षात ठेवायचे ते असे की पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारे नाव वाचून दुकानदाराला विचारावे आणि मगच रक्कम घालावी. माझा सल्ला असा की यूपीआय पेन्शनच्या खात्याला न जोडता, महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवलेल्या वेगळ्या खात्याला जोडावे.

लोकलचे तिकीट रेल्वेच्या ॲपवर काढायचे असेल तर ते घरातून निघतानाच काढावे. फलाटावर पोहोचल्यावर किंवा गाडीत बसल्यावर ते नेहमीच्या पद्धतीने निघत नाही. दिघा गावाच्या पुढे गाडी ठाण्याला लागत आली की ‘आता काढतो’ म्हणणारे अनेक जण मी दंड भरताना पाहिले आहेत. तपासनिसाला तिकीट ॲपमध्येच दाखवावे लागते, स्क्रीनशॉट चालत नाही आणि मोबाइलची बॅटरी संपली तर तिकीट नसल्यासारखेच होते.

कागदपत्रांचे काम त्या मानाने सोपे आहे. डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये घेतलेला वाहन परवाना मूळ प्रतीइतकाच ग्राह्य असतो. गावच्या जमिनीचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत मिळतो. भाडेकरार किंवा हॉटेलसाठी आधारची प्रत मागितल्यास शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्यावी.

इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये आणि मुलगा संध्याकाळी घरी येण्याची वाटही पाहू नये. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन येथे तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वीच ते गोठवता येतात. त्याच वेळी बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात, बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर तोटा पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवण्यापूर्वीचा तोटा आपला आणि नंतरचा बँकेचा. फोन करताना व्यवहाराची वेळ, रक्कम आणि बँकेच्या संदेशातील व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. मिळालेला तक्रार क्रमांक त्याच वहीत लिहून घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशी शाखेत गेल्यावर पहिल्याने तोच विचारतात.