स्लरीची टाकी ढवळताना वास अचानक थांबला, तर आधी बाहेर पडा

पेरणीआधी शेणस्लरी (शेण-मूत्राचे पातळ मिश्रण) शेतात सोडण्याची लगबग सुरू झाली की महिनोन्महिने बंद असलेल्या टाक्यांची झाकणे निघतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. शेण, मूत्र आणि चाऱ्याच्या अवशेषांतील गंधकयुक्त घटक हवेविना कुजले की हा रंगहीन वायू तयार होतो, आणि गोठ्यातील अंथरुणात जिप्सम (गंधक असलेले खनिज) वापरले असल्यास तो अधिकच होतो. स्लरीवर जाड साय धरलेली असते, त्यामुळे वरून टाकी शांत दिसते. पण बांबूने ती साय फोडताच बुडबुडे भसाभस वर येतात. म्हणूनच ढवळण्याचा पहिला अर्धा तास सर्वांत घातक असतो.

एक पीपीएमहून (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) कमी प्रमाणातही नाकाला कळणारा हा वायू १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांतच नाक बधिर करतो. ‘वास गेला, म्हणजे गॅस निघून गेला’ हा समज त्यामुळे जिवावर बेततो. प्रमाण १००० पीपीएमच्या पुढे गेले, तर एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. हवेपेक्षा सुमारे १.२ पट जड असल्याने तो तळाशी आणि खोलगट जागी साचून राहतो. शिवाय तो पेट घेतो, त्यामुळे टाकीजवळ विडी, वेल्डिंग किंवा ठिणगी नको.

वारा वाहत असलेला दिवस निवडावा, गोठ्याखाली टाकी असल्यास जनावरे आधी बाहेर काढावीत आणि पंप सुरू करून वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सर्वांनी दूर थांबावे. मुलांना तिकडे फिरकूही देऊ नये. गॅसमापक असल्यास तो वापरावाच. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क या वायूला अडवत नाही. पंप अडकला, बादली पडली, तरी टाकीत उतरू नये, टाकी रिकामी दिसत असली तरीही नाही, कारण तळाच्या गाळातून वायू सुटतच राहतो.

आत कोणी कोसळलेला दिसला, तर मागोमाग उडी घेण्याचा मोह कितीही अनावर झाला तरी आवरावा. अशा अपघातांत वाचवायला गेलेला भाऊ किंवा मुलगाही पुष्कळदा दगावतो. आरडाओरडा करून माणसे गोळा करावीत, अग्निशमन दल व रुग्णवाहिका बोलवावी आणि बाहेरूनच पंख्याने ताजी हवा आत सोडावी. स्वतंत्र हवेचा सिलिंडर आणि कमरेला दोर बांधलेल्या प्रशिक्षित माणसानेच खाली उतरावे. घरातील प्रत्येकाला हे झाकण उघडण्यापूर्वीच सांगून ठेवावे.