जिबूतीला जाताय तर पहाटे उठायची तयारी ठेवा

म्हापशात कुणालाही सांगा जिबूतीला जाऊन आलो, पहिला प्रश्न ठरलेला, बोटीवर लागलास काय रे? आपल्याकडे हे नाव फक्त तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या तोंडी, किंवा २०१५ मध्ये येमेनमधून आपली माणसं याच बंदरातून सोडवून आणली ते कुणाला आठवत असेल तर. फिरायला कोण जात नाही. पूर्व आफ्रिकेतला हा देश केवढा, २३,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे सहा गोवे.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बास. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि वाळवंटातून भट्टीसारखा वारा सुटतो, त्याला खमसीन म्हणतात. "आपल्याला मे महिन्याची सवय आहे" हा माज इथेच ठेवून जा. आम्ही जानेवारीत गेलो तरी दुपारी अकरानंतर गाडीच्या दाराला हात लावायला नको वाटायचं.

रूट सोपा आहे. गोव्याहून मुंबई, मुंबईहून इथिओपियन एअरलाइन्सने अदिस अबाबा, तिथून पुढे तासाभराचं विमान. व्हिसा ऑनलाइन निघतो. एक भानगड मात्र लक्षात ठेवा, इथिओपिया पिवळ्या तापाच्या यादीत आहे, त्यामुळे अदिसमध्ये विमानतळाबाहेर पडून एखाद दिवस फिरायचा विचार असेल तर निघायच्या किमान दहा दिवस आधी लस घ्या आणि ते कार्ड परत घरी येईपर्यंत पासपोर्टातच ठेवा, भारतात उतरल्यावर लागतं. लस वास्कोला मुरगाव पोर्ट हेल्थच्या ऑफिसात मिळते, आधी फोन करून जा म्हणजे हेलपाटा नको.

आता पैसे. तिथलं चलन फ्रँक, तो डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला १७७ च्या आसपास, १९७३ पासून तोच रेट. आपल्याला हिशोब सोपा, फ्रँकचे निम्मे केले की साधारण रुपये. पण देश गरीब म्हणून स्वस्त असेल असं धरून जाऊ नका, आम्ही तिथेच फसलो. अमेरिका, फ्रान्स, जपान, चीन सगळ्यांचे लष्करी तळ या एवढ्याशा देशात, मग हॉटेलांचे रेट त्यांच्या खिशाकडे बघून लागणार की आपल्या? (तळ, बंदर, विमानतळ, सैनिक यांचे फोटो अजिबात काढू नका, मोबाइल जाईल.)

सगळ्यात मोठा खर्च गाडीचा. असल आणि आबे या दोन तळ्यांकडे बसने जाणं विसरा, फोर बाय फोर आणि ड्रायव्हर घ्यावाच लागतो, म्हणून चौघं जमवा आणि वाटून घ्या. डिझेल, ड्रायव्हरचं जेवण, पाणी, कॅम्पमधली रात्र, यात काय काय धरलंय ते मेसेजवर लिहून मागा. आमच्या माणसाने फोनवर "सब इन्क्लुडेड" सांगितलं आणि अर्ध्या वाटेत पंपावर गाडी थांबवून आमच्याकडे बघत बसला.

आणि निघायचं पहाटे. एक म्हणजे ऊन, दुसरं म्हणजे ‘खात’ नावाचा नशेचा पाला. हा रोज इथिओपियाहून येतो, दुपारी पोचला की सगळा गाव गालात गोळा धरून चघळत बसतो. आपल्याकडे जेवून दुकानं बंद होतात तसंच, पण हे प्रकरण जास्त लांबतं. तुम्ही त्याच्या नादी लागू नका आणि भारतात तर मुळीच आणू नका, नार्कोटिक्सची केस होईल.

असल तळं बघायलाच हवं. समुद्रसपाटीच्या १५५ मीटर खाली, आफ्रिकेतली सगळ्यात खालची जागा, आणि पाणी समुद्राच्या दहापट खारट. गोव्यातल्या आगरवाड्याची मिठागरं बघितलेल्या माणसाला मीठ काय नवीन, असं मला वाटलं होतं. पण इथे काठच मिठाचा, पांढराशुभ्र आणि काचेसारखा धारदार. मी शहाणपणा करून चप्पल काढली, चार पावलांत टाच कापली आणि त्याच पाण्यात उभा, पुढचं सांगत नाही. जुने बूट घालून उतरा आणि अंग धुवायला पाच लिटरचा कॅन वेगळा ठेवा, नाहीतर गाडीत बसेपर्यंत कातडी पापडासारखी कडक होते.

आबे तळं इथिओपियाच्या सीमेवर, तिथे रात्र काढाच. चुनखडीचे सुळके उभे आहेत, काही ५० मीटर उंच, काहींतून वाफ येते. दुपारी बघाल तर नुसते दगड, पहाटे बघाल तर बोलती बंद.

नोव्हेंबर ते जानेवारी आर्ताच्या किनाऱ्याकडे व्हेल शार्क येतात, स्नॉर्केल लावून बघता येतात, हात लावायचा नाही. पोहता येत नसेल तर ते पैसे वाचवा आणि येमेनी मासा खा. पाठीतून चिरून उघडलेला अख्खा मासा, लाल मसाला फासून तंदूरमध्ये भाजलेला, सोबत ताटाबाहेर जाणारी रोटी. रंग बघून आपला गोव्याचा लाल रेशाद मसाला आठवतो पण आंबटपणा नाही. शाकाहारी मंडळींनी चिवडा-थेपले जास्त न्या.

असलच्या काठावर मिठाचे मण्यांसारखे गोल खडे विकायला असतात. घेतलेत तर दोन पिशव्यांत बांधा, माझी एकच होती, बॅगेतले सगळे कपडे अजून खारट लागतात असं आई म्हणते.