आधी बावीस, मग बत्तीस

आमच्या क्लबाची रेंज कुडाळकडे एका जुन्या चिऱ्याच्या खाणीत आहे. तीन बाजूंना जांभ्याची भिंत बघून नवीन माणसाला वाटतं, गोळीबाराला याहून चांगली जागा कुठली? पण दगडावर आपटलेली गोळी कुठे उलटेल याचा नेम नसतो. म्हणून समोर खडे वेचून काढलेल्या मातीचा जाड बांध घातलाय आणि दर दिवाळीआधी तो पुन्हा चोपून घ्यावा लागतो. शिवाय त्या भिंती आवाज परत फेकतात. हा आवाज लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. बेळगावात रिक्रूट पोरं शिकवली. ती विशीतली होती, ओरडलं की ऐकायची. इथे येतात सराफ, आंबा बागायतदार, कधी त्यांच्या घरातली माणसं. नऊ मिलिमीटर सामान्य नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे परवान्यावर पिस्तूल म्हणजे बहुतेक बत्तीसचंच, म्हणजे ०.३२ इंच मापाचं. २०१६च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षेचं प्रशिक्षण आलं, ते बरंच झालं. तरी पन्नाशीच्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी बत्तीस दिलं, की तो चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतो. एकदा ही सवय हाताला लागली की मोडायला महिने जातात. ती लागूच नये, एवढ्यासाठी आधी बावीसचं, म्हणजे ०.२२ इंच मापाचं हलकं काडतूस.

बत्तीसची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची असते, बावीसची अडीच ग्रॅमच्या आसपास. मनगटाला हा फरक लगेच कळतो. पण पिस्तूल वेगळं आणि काडतूस वेगळं, यात घोळ नको. बत्तीसच्या पिस्तुलात बावीसचं काडतूस चालत नाही. टेबलावर एका वेळी एकाच मापाचा डबा उघडा ठेवायचा, दुसरा कुलपात. आणि कोणी म्हणालं, “काडतुसातली दारू थोडी कमी करून बत्तीसचंच हलकं करून देतो,” तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. परवान्याशिवाय तो गुन्हा आहेच, पण दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि पुढची गोळी मागून तिच्यावर आदळते.

आता छोट्या पिस्तुलाची गंमत. बावीसच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ढकलायची ताकद काडतुसातूनच येते. काडतूस फार नरम असलं की स्लाइड पुरती मागे जात नाही, पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. त्यात नवख्याचं मनगट सैल असेल तर हमखास. पुंगळी अडकण्यात मोठं काही नाही. भीती पुढच्या क्षणाची. नवखा माणूस काय झालं ते बघायला पिस्तूल आडवं करतो, आणि नळी सरळ शेजारच्याच्या पोटाकडे.

म्हणून मी दोन प्रकारची काडतुसं ठेवतो. डब्यावर ‘सबसॉनिक’ (आवाजापेक्षा कमी वेगाची) लिहिलेली नरम ती पहिल्या टप्प्याला, कारण तिथे मी मॅगझीनमध्ये एकच गोळी भरतो. स्लाइड मागे गेली काय न गेली काय, पुढची गोळीच नाही. ‘स्टँडर्ड’ ती नंतर, जेव्हा पिस्तुलाने स्वतःहून भरायला हवं असतं. कुठलाही नवा माल आला की एका डब्यातल्या पन्नासच्या पन्नास गोळ्या आधी मी स्वतः मारतो. दोनपेक्षा जास्त वेळा अडकलं तर तो माल शिकवण्यासाठी नाही.

पहिला अर्धा तास रिकामं पिस्तूल. खोटं काडतूस घालूनच चाप दाबायला लावा. बऱ्याच बावीसमध्ये मोकळा घाव घातला तर पिन नळीच्या काठावर बसते आणि काठ चेपतो. पकड दाखवताना अंगठ्याकडे बघा. डाव्या हाताचा अंगठा उजव्या हाताच्या बेचक्यावर, स्लाइडच्या मागून टाकायची खोड अनेकांना असते, सिनेमातून आलेली. छोट्या पिस्तुलाची स्लाइड मागे येते ती थेट त्या अंगठ्यावर. टाके पडलेले मी बघितलेत.

मग कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. आमच्या खाणीत तर हवेतच. झटक्यापेक्षा माणूस आवाजाला जास्त दचकतो, हे मला फौजेत कळलं नव्हतं, इथे कळलं. डोळ्यांना चष्मा. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, कारण गरम पुंगळी गळ्यात शिरली की माणूस पिस्तुलासकट नाचतो.

पाच मीटरवर कोरा कागद लावा. गोल काढलेला कागद दिला की माणूस गुण मोजत बसतो. नजर पुढच्या साईटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर, कागद धूसर दिसला तरी चालेल. एक गोळी, पिस्तूल खाली, श्वास, परत एक. अशा दहा. मग मॅगझीन मी त्याच्याकडे पाठ फिरवून भरतो, खऱ्यात एखादं खोटं मिसळतो. खोट्यावर चाप दाबला की सगळं उघडं पडतं. नळी खाली डुबली, म्हणजे हात झटक्याची वाट बघतोय. काही बोलायचं नाही, त्याला ते स्वतःच दिसतं. एक बागायतदार काका हसून म्हणाले, “माझो हातच माझा ऐकणा नाय.” बरोबर ओळखलं त्यांनी. पाच खोट्यांवर नळी हलली नाही, की मग पाच गोळ्यांचं मॅगझीन.

आता माझीच चूक सांगतो. खाऱ्या हवेत लोखंड दोन दिवसांत तांबडं होतं, म्हणून एका जुलैत मी मॅगझिनांना भरपूर तेल लावून ठेवलं, त्यातच काडतुसं भरलेली. बावीसच्या काडतुसात गोळी आणि पुंगळीच्या सांध्यातून तेल आणि ओल दोन्ही आत शिरतात. दुसऱ्या दिवशी एका मुलाने चाप दाबला, नुसतं ‘फुस्स’ झालं. “सर, आवाज इलोच नाय,” म्हणत तो परत चाप ओढणार होता. मी त्याचा हात धरला. नळीत गोळी अडकलेली होती.

तेव्हापासून नियम: आवाज वेगळा आला की बोट बाहेर, नळी बांधाकडे, मोजून तीस सेकंद. मग मॅगझीन काढून, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामी करून, नळीत सळई घालून बघायचं. तेल पिस्तुलाला, तेही पुसून. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालून.

बत्तीसकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर बावीसचा डबा कुलपात गेलेला. पहिल्या दिवशी बत्तीसच्या फक्त तीन गोळ्या, मग तो डबा बंद करून पुन्हा दहा बावीसच्या. शेवटची गोळी बावीसचीच, म्हणजे घरी जाताना हातात झटका राहत नाही.

खाण सोडण्याआधी साबणाने हात धुवा, शिसं असतं. त्याआधी पाण्याची बाटलीही तोंडाला नको. आणि पुंगळ्या मोजा. वहीत जितक्या गोळ्या उडाल्या तितक्या डब्यात हव्यात. एकदा एक कमी पडली. चौघांनी अर्धा तास गवत विंचरलं, अंधार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सराफांच्या घरून फोन आला, कपडे धुताना त्यांच्या शर्टाच्या खिशात सापडली म्हणून.