तिघांनी मिळून घर भाड्याने घेताना करार कसा करावा

पुण्या-मुंबईत नोकरीसाठी आलेले तिघे-चौघे मिळून एक सदनिका घेतात, तेव्हा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घरात राहण्याची परवानगी देणारा) करार बहुधा एकाच्याच नावावर होतो. घाईत ते सोयीचे वाटते. मात्र पुढे वाद झाला, तर करारात नाव नसलेल्याला त्या घरात राहण्याचा कागदोपत्री आधार राहत नाही आणि नाव असलेल्याच्या गळ्यात सगळे भाडे पडते. म्हणून राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव लायसन्सी (राहण्याची परवानगी मिळालेली व्यक्ती) म्हणून करारात घालण्याचा आग्रह धरावा; घरमालक कुरकुरला तरी या मुद्द्यावर माघार घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून, ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागते हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

खर्चाचा हिशेब आधीच करावा. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वार्षिक 10 टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के लागते. भाडे 24,000, मुदत अकरा महिने आणि अनामत 60,000 असेल, तर हे शुल्क साधारण पावणेसातशे रुपये होते. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सुविधेमुळे आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे देऊन हे काम घरबसल्या होते. एजंटाकडून करून घ्यायचे असल्यास सरकारी शुल्क आणि त्याचा मेहनताना वेगवेगळा लिहून मागावा.

मसुदा वाचताना सर्वाधिक वेळ अनामतीच्या कलमावर द्यावा. कोणी किती रक्कम भरली, ती कोणाच्या खात्यात परत जाईल, कोणत्या कारणासाठी कपात होईल आणि एकजण मध्येच घर सोडून गेला तर त्याचा वाटा कोण देईल, हे सारे त्यात असावे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, परंतु राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यामुळे घासाघीस करताना तिचा दाखला द्यावा, हक्क म्हणून मागू नये. एकाच्या जागी दुसरा राहायला आला, तर जुन्या करारावर भागवू नये, नवा नोंदवून घ्यावा.

मुदतीची तारीखही लक्षात ठेवावी, कारण मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 नुसार भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते.

हा सगळा खर्च झेपत नसेल, तर नोकरी करणाऱ्या महिलांनी आपल्या शहरात केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ या महिलांसाठीच्या योजनेखालील ‘सखी निवास’ वसतिगृह आहे का, याची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात आधी करावी.