माला-एनचं पाकीट: सुरुवात कधी, गोळी चुकली तर काय, आणि कोणी घेऊ नये

उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे फुकट मिळणारी माला-एन आणि औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळणारी माला-डी, या दोन्ही गर्भनिरोधक गोळ्यांत औषध एकच आहे. २८ गोळ्यांपैकी २१ पांढऱ्या असतात. त्या प्रत्येकीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल ही दोन हार्मोन्स असतात. उरलेल्या ७ तपकिरी गोळ्या लोहाच्या. त्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही, पण त्या घेत राहिलं की रोजची सवय मोडत नाही आणि रक्तही भरून येतं. लोहामुळे त्या दिवसांत शौचाला काळसर झालं तर घाबरू नका.

पांढऱ्या गोळीमुळे बीजकोशातून बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो. एकही गोळी न चुकवता घेतली तर वर्षात १,००० बायकांमागे साधारण ३ जणींनाच दिवस जातात. रोजच्या व्यवहारात गोळ्या चुकतात, म्हणून हाच आकडा १,००० मागे ७० वर जातो. एवढा फरक पडतो तो घेण्यातल्या चुकांमुळे.

सुरू करण्याआधी

आधी बीपी मोजून घ्या. ते १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. वय ३५ च्या पुढे असून धूम्रपान करत असाल, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तरीही ही गोळी नको. अर्धशिशीबद्दल नीट विचार करून उत्तर द्या. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येत असतील किंवा हात बधिर होत असेल, तर या गोळीने मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. मिश्री किंवा तंबाखू लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. बायकांना हे कोणी विचारत नाही, म्हणून ते सांगायचं राहून जातं.

बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने ही गोळी टाळा, दूध कमी होऊ शकतं. त्या काळासाठी तांबी, अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळी असे दुसरे पर्याय आहेत. (छाया ही वेगळी गोळी आहे. तिच्यात हार्मोन नसतं आणि तिचं वेळापत्रकही वेगळं असतं, दोन्हींची गल्लत करू नका.) गर्भपातानंतर मात्र त्याच दिवशी सुरुवात करता येते.

पहिली गोळी

रक्तस्राव सुरू होतो तो पाळीचा पहिला दिवस धरायचा. पाचव्या दिवशी पहिली पांढरी गोळी घ्यायची, रक्त थांबलेलं असो वा नसो. पाचव्या दिवसापर्यंत सुरू केली तर वेगळी काळजी लागत नाही. त्याहून उशीर झाला आणि दिवस गेले नसल्याची खात्री असेल तर सुरू करा, पण पहिले ७ दिवस निरोध वापरा. पुढे बाणाच्या दिशेने रोज एक. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ बरी, मळमळ कमी होते. २१ पांढऱ्या संपल्या की तपकिरी ७, आणि आठव्या दिवशी पाळी चालू असली तरी नव्या पाकिटातली पहिली पांढरी.

बायका सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. पांढऱ्या गोळ्या बंद झाल्यावर सात दिवसांत बीजकोश हळूहळू जागा व्हायला लागतो. आठव्या दिवशी पांढरी गोळी पोटात गेली की तो पुन्हा शांत होतो. पाकीट संपलं, आशाताई भेटल्या नाहीत, माहेरी गेलो आणि पाकीट सासरीच राहिलं, असं होऊन सातचे दहा दिवस झाले की बीज सुटू शकतं. पाकिटाच्या मधली एखादी गोळी विसरण्यापेक्षा सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पांढऱ्या गोळ्या चुकणं जास्त महागात पडतं, कारण त्याने ही सुटी लांबते. म्हणून नवं पाकीट तपकिरी गोळ्या सुरू होण्याआधीच घरात हवं.

गोळी चुकली तर

एक किंवा दोन पांढऱ्या चुकल्या तर आठवेल तेव्हा लगेच एक घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्या. एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालतं. निरोधाची गरज नाही.

सलग तीन किंवा जास्त चुकल्या, किंवा नवं पाकीट तीन किंवा जास्त दिवस उशिरा सुरू झालं, तर लगेच एक घ्या, रोजचा क्रम चालू ठेवा आणि ७ दिवस निरोध वापरा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली असेल तर उरलेल्या पांढऱ्या संपवा, तपकिरी फेकून द्या आणि दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट सुरू करा. त्या महिन्यात पाळी आली नाही तरी चालेल. गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीबद्दल लगेच विचारा. तपकिरी गोळी चुकली तर ती टाकून द्या आणि पुढे चला.

गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. उलट्या-जुलाब दोन दिवसांपेक्षा जास्त चालले तर गोळ्या चुकल्याच असं धरा.

टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन आणि फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं गोळीचा असर कमी करतात. टीबीचा उपचार सुरू झाला की गर्भनिरोधनाचं साधन बदलायला हवं. सर्दी-तापाच्या नेहमीच्या अँटिबायोटिकने असं होत नाही.

फायदे आणि धोके

पाळीचं अंगावर जाणं कमी होतं, पोटदुखी कमी होते आणि रक्तक्षय असलेल्या बाईला ते जाणवतं. बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, गोळी थांबवल्यावरही वर्षानुवर्षं. उलट बाजूला, गोळी चालू असताना स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू ओसरतो. पाच वर्षांहून जास्त घेतल्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचाही धोका थोडा वाढतो, म्हणून त्याची तपासणी टाळू नका. एचआयव्ही किंवा गुप्तरोगांपासून गोळी वाचवत नाही.

खरी भीती रक्ताच्या गाठीची. गरोदर नसलेल्या आणि गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना ती होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीवर ५ ते ७ जणींना, ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या महागड्या गोळ्यांवर ९ ते १२ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो. फक्त गर्भनिरोधन हवं असेल तर महागडी गोळी अधिक चांगली असं समजू नका. या बाबतीत साधी माला-एनच जास्त सुरक्षित आहे.

एका पोटरीत दुखून सूज आली, छातीत कळ किंवा दम लागला, अचानक फार डोकं दुखलं, दिसेनासं झालं, बोलणं अडखळलं, पोटात असह्य दुखलं किंवा डोळे पिवळे झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोठं ऑपरेशन ठरलं तर आधीच सर्जनना सांगा. पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ, स्तन दुखणं, मधूनच लागणारे डाग मात्र बहुतेकींचे आपोआप जातात. डाग दिसले म्हणून पाकीट मध्येच सोडू नका.

गणपतीत किंवा घरच्या लग्नात पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी वेगळी. ती घेतली म्हणून गर्भ राहणार नाही असं नाही. माला-एन चालू असेल तर दुसरी गोळी लागतच नाही. तपकिरी सोडून थेट पुढच्या पाकिटातल्या पांढऱ्या सुरू करायच्या, पाळी पुढे जाते.

मधेमधे 'शरीराला आराम' म्हणून गोळी बंद ठेवायची गरज नाही. त्या मोकळ्या महिन्यातच दिवस राहतात. मूल हवं असेल तेव्हा पाकीट पूर्ण करून थांबा. गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते, आणि नकळत दिवस राहून थोड्या गोळ्या घेतल्या गेल्या तरी बाळात त्यामुळे व्यंग येत नाही.