समुद्राखालच्या केबलच्या कामात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी : मुंबईच्या किनाऱ्यावरून

इलेक्ट्रॉनिक्स किंवा दूरसंचार शाखेतून नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी भेटले की समुद्राखालच्या इंटरनेट केबलच्या क्षेत्रात नेमके काय काम असते, हा प्रश्न हमखास निघतो, आणि बहुतेकांच्या मनात मोठे जहाज व खोल समुद्र असेच चित्र असते. मी मुंबईतल्या एका केबल लँडिंग स्टेशनवर, म्हणजे समुद्रातून आलेली केबल जमिनीवरच्या जाळ्याला जोडणाऱ्या केंद्रावर, हे काम शिकलो. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की आपल्याकडच्या नवख्या अभियंत्याने खोल समुद्राच्या आधी उथळ पाणी समजून घ्यावे. जगभरात वर्षाला साधारण १५० ते २०० वेळा कुठली ना कुठली केबल बिघडते आणि त्यांतले बहुसंख्य बिघाड मासेमारीमुळे किंवा जहाजांच्या नांगरांमुळे होतात. म्हणजेच ते तुलनेने उथळ पाण्यात होतात. मुंबईसमोर तर हे उथळ पाणी फार लांबवर पसरले आहे. येथील खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, आणि किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवरच्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रातही पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपासच आहे. इतर अनेक देशांत केबल थोडक्याच अंतरात खोल पाण्यात जाऊन सुरक्षित होते. आपल्याकडे तिला ट्रॉलर, नांगर आणि तेलवाहिन्या यांच्यामधून खूप दूरवर जावे लागते.

या शहराचा केबलशी संबंध जुना आहे. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने मुंबई ते एडन अशी तारायंत्राची केबल टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे ब्रिटनशी जोडली गेली. आजही भारताला जगाशी जोडणाऱ्या केबल मोजक्याच शहरांत किनाऱ्याला लागतात. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार देशात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ स्टेशनांवर येत होत्या, आणि ही स्टेशने मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन व तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत होती. पश्चिमेकडे जाणारी बहुतेक वाहतूक मुंबईहून निघून तांबड्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यातून युरोपात जाते. त्यामुळे दूरच्या घटनेचे पडसादही येथे लगेच उमटतात. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ, २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारतातल्या वापरकर्त्यांना संथ इंटरनेटचा अनुभव आला. जेद्दाहजवळ तुटलेल्या ‘सी-मी-वी ४’ आणि ‘आयमेवी’ या दोन्ही केबल मुंबईत उतरतात.

स्टेशनवर रुजू होणाऱ्या अभियंत्याला वाटते की आपण प्रकाशीय तंत्रज्ञानाच्या नोकरीत आलो आहोत. प्रत्यक्षात सुरुवातीचा बराच काळ विजेतच जातो. केबलमधले केसासारखे बारीक तंतू तांब्याच्या वाहकाच्या आत असतात, आणि त्या वाहकातून सुमारे १ अँपिअरचा स्थिर प्रवाह सतत सोडलेला असतो, कारण दर ६० ते १०० किलोमीटरवर बसवलेल्या रिपीटरना, म्हणजे क्षीण झालेला प्रकाश-संकेत वाढवणाऱ्या यंत्रांना, चालण्यासाठी वीज लागते. हा प्रवाह देणाऱ्या यंत्रणेला सगळे ‘पीएफई’ (पॉवर फीडिंग इक्विपमेंट) म्हणतात. लांब पल्ल्याच्या केबलवर दोन्ही टोकांचे मिळून व्होल्टेज १० हजारांच्या घरात जाते. नवख्या व्यक्तीने पहिल्या दिवसापासून या यंत्रणेजवळ बसावे, तिचे रोजचे आकडे स्वतःच्या हाताने वहीत लिहावेत आणि ते आकडे पाठ होईपर्यंत हे सोडू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

याचे कारण एका प्रकारच्या बिघाडात स्पष्ट दिसते. ट्रॉलरच्या जाळ्याला बांधलेली जड फळी तळावरून घासत गेली आणि तिने केबलचे पॉलिथीनचे आवरण खरवडले, की तांब्याला समुद्राचे पाणी लागते. प्रकाशतंतू मात्र अनेकदा शाबूत असतात, वाहतूक चालू राहते आणि एकाही ग्राहकाची तक्रार येत नाही. त्या क्षणी पीएफईच्या पडद्यावर प्रवाह पूर्वीइतकाच असतो, पण आपल्या बाजूचे व्होल्टेज एकदम उतरलेले असते आणि समोरच्या देशातल्या स्टेशनचे तितक्याच प्रमाणात चढलेले असते, कारण दोष झालेल्या जागी समुद्र स्वतःच अर्थिंग बनलेला असतो. केबलच्या वाहकाचा रोध किलोमीटरला साधारण १ ओहम धरला, तर १ अँपिअरला किलोमीटरमागे १ व्होल्ट खर्ची पडतो. वाटेत रिपीटर असतील तर प्रत्येकाचे ठरलेले व्होल्टेज त्यात मिळवायचे. पडद्यावर ४० व्होल्ट दिसत असतील, तर दोष पहिल्या रिपीटरच्या अलीकडे, स्टेशनपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे, असा पहिला अंदाज कागदावर दोन मिनिटांत बांधता येतो. नंतर नेमक्या चाचण्या होतातच. तरीही ज्याला हा अंदाज पटकन बांधता येतो, त्याच्या शब्दाला दुरुस्ती-जहाजावरचे लोक वजन देतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

विजेचीच आणखी एक बाब जिवाशी निगडित आहे. जहाज केबल हातात घेण्याआधी स्टेशनवरील पॉवर सेफ्टी ऑफिसरने वीज बंद करून, केबल अर्थ करून, तसा लेखी संदेश पाठवायचा असतो आणि जहाजाने तो पोचल्याचे लेखी कळवायचे असते. तोंडी निरोपावर यातले एकही पाऊल पुढे टाकायचे नाही. रात्री तीन वाजता कितीही घाई असली, वरिष्ठांचे कितीही फोन आले, तरी हा क्रम मोडू नये. डेकवर उघड्या हातांनी काम करणारा जोडारी, म्हणजे केबलचे सांधे जोडणारा कारागीर, आपल्या त्या एका संदेशावर विसंबून असतो.

किनाऱ्यावर केबल ओढून घेण्याचे काम प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज हे क्षेत्र कळत नाही. उथळ पाण्यामुळे मोठे जहाज बरेच दूर थांबते आणि केबल हवेच्या फुग्यांना बांधून तरंगत किनाऱ्याकडे आणली जाते. खोल समुद्रातली केबल बागेतल्या पाण्याच्या नळीइतकीच जाड असते. किनाऱ्याजवळच्या भागाला मात्र पोलादी तारांचे दुहेरी चिलखत असते, त्यामुळे तिचे वजन बरेच वाढते. टोक वाळूतल्या बीच मॅनहोलमध्ये, म्हणजे केबल घेण्यासाठी बांधलेल्या भूमिगत खोलीत, पोचले की पाणबुडे एकेक फुगा कापत जातात आणि केबल तळाशी बसते. मग ओहोटीची वेळ गाठून तिच्यावर ओतीव लोखंडाचे अर्धगोल तुकडे बोल्टने जोडायचे आणि चर खणून ती पुरायची. मुंबईत मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी ५ मीटरच्या आसपास जाते, त्यामुळे कामाला मिळणारा वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ठरतो. उधाण केव्हा, भांग (सर्वांत कमी चढ-उताराची भरती) केव्हा, हे दिनदर्शिकेतल्या तिथीवरून सांगता आले पाहिजे. ही गोष्ट महाविद्यालयात कोणी शिकवत नाही. ती किनाऱ्यावरच शिकावी लागते.

आणि ती शिकवणारे लोक म्हणजे कोळी बांधव. वेसावे परिसरात अनेक केबल किनाऱ्याला लागतात आणि त्याच पाण्यावर तेथील कोळीवाड्याचा संसार चालतो. डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालते आणि ते एका जागी धरून ठेवण्यासाठी तळात खुंट रोवावे लागतात; केबलचा मार्ग कागदावर आखताना हे खुंट कुठे आहेत, हे नकाशावर दिसत नाही. ते नाखवांना, म्हणजे होडीच्या तांडेलांना, विचारावे लागते. कोळीवाड्यात गेल्यावर मीटरऐवजी वावेत (सुमारे सहा फुटांचे माप) खोली बोलता आली, तर संभाषण सोपे होते. केबलचे काम चालू असताना कोणत्या पट्ट्यात, किती दिवस जाळी टाकता येणार नाहीत, नुकसानभरपाई कशी मिळेल, जाळे केबलला अडकले तर ते जोराने न ओढता कोणाला कळवायचे, या गोष्टी मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत आधीच, साध्या मराठीत आणि आदराने सांगितल्या पाहिजेत. परदेशातून आलेले तज्ज्ञ हे करू शकत नाहीत. मराठी बोलणाऱ्या, वडीलधाऱ्यांसमोर नीट बसून ऐकून घेणाऱ्या तरुण अभियंत्याची किंमत येथे सर्वांत जास्त असते आणि दुर्दैवाने नोकरीच्या जाहिरातीत तिचा उल्लेख कधीच नसतो.

परवानग्यांचे काम अनेकांना कंटाळवाणे वाटते, पण त्यात वेळेचे फार मोठे गणित असते. दूरसंचार, गृह, संरक्षण अशी केंद्राची खाती, सागरी किनारा क्षेत्राच्या नियमांनुसार लागणारी मंजुरी, महापालिका, बंदर, शिवाय तेलवाहिनी ओलांडायची असल्यास तिच्या मालकाशी करार, इतक्या ठिकाणी कागद फिरतात. भारताच्या ध्वजाखालचे केबल-दुरुस्ती जहाज नसल्याची बाब ‘ट्राय’नेही नोंदवली आहे. त्यामुळे दुरुस्तीसाठी परदेशी जहाज बोलवावे लागते आणि त्याच्या परवानग्यांत दिवस जातात. माझ्या मते आपल्या देशाचे स्वतःचे जहाज असणे ही चैनीची बाब नाही. ते होईपर्यंत, अर्जाचा प्रत्येक कागद पहिल्याच वेळी अचूक जाईल याची काळजी घेणारा माणूस केबलची प्रत्यक्ष सेवाच करत असतो.

शिक्षणाबद्दल बोलायचे तर ई अँड टीसी किंवा इलेक्ट्रिकलची पदवी वा पदविका पुरेशी आहे. मात्र प्रकाशीय तंतूंची मापने आणि उच्च दाबाची वीज या दोन्हींत हात चालला पाहिजे. ओटीडीआरचा (तंतूत प्रकाश सोडून दोषाची जागा शोधणाऱ्या उपकरणाचा) आलेख वाचणे आणि फायबरचे स्प्लायसिंग, म्हणजे तंतूंची टोके जोडणे, या गोष्टी जमिनीवरच्या फायबरच्या कामात चांगल्या शिकता येतात, म्हणून तिथला थोडा अनुभव घेऊन आलेल्या मुलांना मी पसंती देतो. ज्यांचा ओढा समुद्रतळाकडे आहे, त्यांनी भूविज्ञान, सागरविज्ञान किंवा जलसर्वेक्षण यांचा विचार करावा. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि नौदलाची राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्था या दोन्ही गोव्यातच आहेत, आणि मार्ग-सर्वेक्षणाच्या कामात अशा लोकांची गरज भासते. जहाजावर जोडारी किंवा चाचणी अभियंता म्हणून जायचे असेल, तर सागरी सुरक्षेचे अभ्यासक्रम आणि वैद्यकीय तपासणी आधीच उरकून ठेवावी, कारण बोलावणे आले की तयारीला वेळ मिळत नाही. जहाजावर एक सांधा तयार करायला कित्येक तास लागतात, त्याचे क्ष-किरण चित्र काढून तपासले जाते आणि हलत्या डेकवर हे काम चालते. बोट लागणाऱ्यांनी याचा प्रामाणिकपणे विचार करावा.

स्टेशनची नोकरी पाळ्यांची असते. दिवाळीला, गणपतीला कोणीतरी पडद्यासमोर बसलेलेच असते, ही गोष्ट घरच्यांना आधी सांगून ठेवलेली बरी. प्रशिक्षणार्थी म्हणून यायचे असेल तर पावसाळा संपताना अर्ज करावा: पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे किनाऱ्याजवळची कामे थांबतात आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंतच ती पुन्हा जोमाने चालतात, त्यामुळे त्या काळात आलेल्या मुलाला किंवा मुलीला केबल वाळूत पुरली जाताना पाहण्याची संधी मिळण्याची शक्यता अधिक असते. मुलाखतीला जाताना सोबत भरती-ओहोटीचा तक्ता वाचायला शिकून जावे आणि त्या स्टेशनचे पीएफई कोणत्या प्रवाहावर चालते, हा प्रश्न आपणहून विचारावा.